जहाजावरचा अबोला

माझ्या थोरल्या नातीचं लग्न ज्या वर्षी झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. याच देवळाच्या मांडवात झालं ते. पंगतीत मीठ वाढायचं राहिलं होतं — आठवलं ना? हसू नका! आमचे व्याही अजून जेवायला बसले की आधी ताटात मीठ बघतात, आणि मग माझ्याकडे!

तर मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, घरी भांडणं होतील. दोन माणसं रुसली. एका घरातली, एका चुलीवरचं जेवणारी. दोघांनाही मनातून बोलायचं आहे. मग आधी कोणी बोलायचं? ज्याची चूक त्यानं? चूक कोणाची ते ठरवायला पुन्हा भांडण! मोठ्यानं? मोठा म्हणतो, मी मोठा, मी का वाकू? धाकट्यानं? धाकटा म्हणतो, दर वेळी मीच का? — अहो पेटीवाले, तुम्ही खाली मान का घातलीत? तुम्हाला नाही विचारलं! तुम्ही सूर धरा तेवढा.

आता त्या गाभाऱ्याच्या दाराकडे बघा. आपल्या लक्ष्मीनारायणाच्या माथ्यावर क्रोशाचं तोरण आहे. डावीकडून निम्मं लाल, कुंकवासारखं. आणि तिथून पुढे? निळं, पोपटी, पिवळं, जांभळं — जत्रेतल्या फुग्यांसारखं! परगावचा पाहुणा आला की हळूच माझ्या कानाशी येतो, "बुवा, दोरा कमी पडला होता का हो?" होय बाबा, कमी पडला होता! आणि कमी पडला म्हणूनच पुढचं सगळं घडलं. तीच आजची कथा.

हे तोरण माझ्या चुलत बहिणीचं, सुभद्रेचं. मला अक्षरं तिनं शिकवली, माझ्या मिशा पिकायला लागल्या तेव्हा. पाटी पुढे घेऊन बसायचो, आणि ही म्हणायची, "दादा, 'ळ' काढताना जीभ बाहेर काढायची नसते." अशी तिखट जिभेची! आणि तिचे यजमान म्हणजे मोरेश्वर ताम्हणकर, आपले अण्णा, एसटीत कंडक्टर होते. ते बघा, खांबाला टेकून बसलेत. त्यांना विचारूनच सांगतोय. मला म्हणाले, "सांगा, पण वाढवून सांगू नका." आता कीर्तनकाराला असं सांगतात का कोणी?

तर या दोघांचा अबोला. कशावरून? फणसावरून!

मुलाच्या, शिरीषच्या, लग्नाची बोलणी चालली होती. ओटीवर पाहुणे. अण्णा रंगात येऊन व्याह्यांना सांगत होते, कापा फणस कुठला चांगला, बरका कुठला चांगला, झाडावरचा पिकलेला ओळखायचा कसा. तेवढ्यात आतून सुभद्रा म्हणाली, "त्यांना काय कळतंय त्यातलं! आणतात तो कच्चाच निघतो!" पाहुणे हसले. व्याही हसले. होणारी सूनसुद्धा हसली! अण्णा तेवढे हसले नाहीत.

पाहुणे गेले. अण्णा म्हणाले, "मला काही कळत नाही ना? मग मी बोलतही नाही!"

ही म्हणाली, "नका बोलू! कुणाचं अडलंय?"

झालं! अबोला येऊन बसला. शिरीषचं लग्न झालं, तो दुबईला गेला, नातू झाला, नातू शाळेत जायला लागला — पण अबोला आपला तिथेच, ओटीवर मांडी घालून!

आता तुम्ही म्हणाल, एका घरात राहून हे चाललं कसं? अहो, छान चाललं! ही म्हणायची, "सूनबाई, तुझ्या सासऱ्यांना सांग, पेज वाढलीय." आणि सासरे हातभर अंतरावर! ते म्हणायचे, "सूनबाई, विचार, लोणचं आहे का?" सूनबाई दुबईला गेली, मग मांजरीची नेमणूक झाली. "मने, यांना सांग, धोतर वाळलंय." "मने, सांग, दिसतंय मला." ती मनी बिचारी एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. हसताय काय? तुमच्याकडे कोण आहे निरोप्या? मांजर, की मुलांचा मोबाईल?

पण माझ्या नातीच्या लग्नाच्या वर्षी, पावसाळ्यात, सुभद्रेच्या छातीत दुखून गेलं. डॉक्टर म्हणाले, जपा. मी भेटायला गेलो. अण्णा परसात होते. ही हळू आवाजात म्हणाली, "दादा, मरायची भीती नाही रे वाटत. एकच वाटतं. दोघांतलं एक जण जाईल, आणि शेवटचा शब्द मांजरीच्या मार्फत गेलेला असेल."

मी म्हटलं, "मग बोल ना तू! आत्ता जा परसात आणि बोल!"

"मी का? ते का नाहीत?"

बघा! छातीत दुखतंय, तरी मी का! आणि तिनं काय केलं, या लक्ष्मीनारायणाला नवस बोलली — 'यांच्या तोंडून माझ्यासाठी एक शब्द येऊ दे, तुझ्या दाराला माझ्या हातचं तोरण करीन.' म्हणजे देवालासुद्धा सांगितलं, आधी ते! देवाला घाम फुटला असेल.

शिरीषला सगळं कळत होतं. पोरगा हुशार. त्यानं विचार केला, या दोघांना अशा जागी ठेवलं पाहिजे जिथे सून नाही, शेजारी नाही, मांजर नाही. अशी जागा जमिनीवर सापडेना. मग त्यानं काढली जहाजाची तिकिटं! दुबईहून निघायचं, अरबांच्या देशांना वळसा घालायचा, दोन समुद्र जोडणारा तो कालवा ओलांडायचा आणि पार इटलीपर्यंत जाऊन परत यायचं. अण्णा म्हणाले, "मने, विचार यांना, येणार का?" मनीनं जांभई दिली. सुभद्रा म्हणाली, "सांग, येणार."

आणि गेली दोघं! जहाज केवढं? आपली अख्खी वाडी आत उभी राहील, देवळासकट, आणि वर ग्रामपंचायतीला जागा उरेल. त्यात यांची खोली मात्र एवढीशी. दोन खाटा, एक गोल खिडकी, आणि मध्ये कोणी नाही! पहिल्या दिवशी ही खिडकीकडे बघतेय, ते दाराकडे बघतायत. अण्णांना चहा हवा. सांगणार कोणाला?

तर मंडळी, देव वाट काढतो आणि माणूस त्यातून पळवाट काढतो. त्या जहाजावर खोली झाडायला येणारा माणूस टॉवेलला घड्या घालून त्याची जनावरं करून ठेवायचा. पाहुण्यांची गंमत म्हणून. पहिल्या दिवशी खाटेवर हत्ती. सुभद्रेनं सोंड पाहिली, हात जोडले, पुढे साखर ठेवली! दुसऱ्या दिवशी माकड, खुंटीला लटकवलेलं. आणि त्या माकडाकडे बघून ही म्हणाली, "माकडा, यांना विचार, गोळी घेतली का?"

अण्णा म्हणाले, "माकडा, सांग, घेतली. आणि विचार, चहाला खाली जायचं का."

घ्या! शिरीषनं हजारो मैलांवर नेऊन सोडलं, आणि यांनी टॉवेलला नोकरीवर ठेवलं! आज माकड, उद्या हंस, परवा खेकडा. माकडाच्या वेळी बरं चालायचं. खेकडा आला त्या दिवशी मात्र निरोप तिरपे जायला लागले — "खेकड्या, सांग, घोरणं कमी करा!" "खेकड्या, सांग, ऐकू येतं म्हणजे कोणीतरी जागं असतं!"

आता या प्रवासात दिवस दोन तऱ्हेचे. एक बंदराचा दिवस. सकाळी उतरायचं, बसमध्ये बसायचं, गाव बघायचं, संध्याकाळी जहाज सुटायच्या आत परत. दुसरा नुसत्या समुद्राचा दिवस. उतरायला काही नाहीच, चहूकडे पाणी. खा, बसा, एकमेकांकडे बघा. अण्णांना बंदराचा दिवस फार आवडायचा. समुद्राचा दिवस आला की सकाळपासून घड्याळ बघत बसायचे! कारण बंदरात बघायला राजवाडे असतात, बाजार असतात. समुद्रावर बघायला फक्त बायको!

बंदराच्या बसमध्ये अण्णांचा थाट काय वर्णावा! छातीवर गटाच्या नंबराची चिकटपट्टी, पुढे छत्री उंच धरून चालणारी वाट दाखवणारी बाई. बसमध्ये गोरे जर्मन लोक चढायला लागले की अण्णा दाराशी उभे — "आत सरका, आत सरका! मागे जागा आहे!" आणि ते जर्मन सरकायचे हो! त्या बाईनं माणसं मोजायच्या आत अण्णांची मोजून झालेली. एकदा तर सवयीनं हात वर गेला, घंटीची दोरी ओढायला. दोरी कुठली? हात तसाच डोक्यावरून फिरवून खाली घेतला.

आणि अण्णांची एक श्रद्धा होती. देवावर असेल त्यापेक्षा पक्की! कंडक्टर आल्याशिवाय गाडी सुटत नाही. खरंच आहे. जन्मभर गाडी त्यांच्यासाठी थांबली. चहा संपेपर्यंत थांबली, पान लावून होईपर्यंत थांबली. गाडीमागे धावतात ते प्रवासी. कंडक्टर धावत नाही! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुभद्रेनं नवसाचं तोरण आधीच करायला घेतलं होतं. देव काम करील की नाही कोण जाणे, आपली तयारी असावी! समुद्राच्या दिवशी ती वर डेकवर खुर्चीत बसून विणायची. एके दिवशी निम्म्यावर आली आणि दोरा संपला. खोलीत येऊन खाटेवर बसली. तिथे त्या दिवशीचा हंस. हंसाला म्हणाली, "संपला रे दोरा. देवाच्या दाराला अर्धंच जायचं आता." यात निरोप नव्हता हं! "यांना सांग" म्हणाली नाही. हंसापाशी मन मोकळं केलं, एवढंच. आणि आवाज जरा ओला झाला.

अण्णा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडले होते. झोपले होते का? अण्णा, झोपला होतात का? — बघा, मान हलवतायत. जागे होते!

दुसऱ्या दिवशी इटलीतलं एक बंदर. नाव मला उच्चारता येत नाही, आणि तुम्हालाही येणार नाही, तेव्हा राहू द्या. गाव बघून झालं, बस धक्क्याजवळ आली, सगळे जहाजाकडे चालायला लागले. सुभद्रेला वाटलं, हे पुढे गेले. आणि अण्णा? अण्णा मागच्या मागे सटकले! गल्लीत एक दुकान त्यांनी बसमधून हेरून ठेवलं होतं. आत एक म्हातारी. अण्णांनी दोन्ही हातांनी विणून दाखवलं. म्हातारी हसली आणि मागची अख्खी भिंत दाखवली. वरपासून खालपर्यंत दोऱ्याची रिळं! आणि तिच्या भाषेत तिनं काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला — कुठला रंग?

मंडळी, इथे अण्णा उभे राहिले.

रंग कुठला? ती बाई इतके दिवस पुढ्यात बसून विणत होती. हात हलताना दिसत होते. पण रंग? अबोला धरलेल्या माणसाकडे सरळ बघायचं नसतं ना! नियमच आहे तो! नजर गेली तरी तिच्या खांद्यावरून पलीकडे. रंग बघायला मान वळवावी लागते. अण्णांनी मान वळवली नव्हती. आणि विचारायची सोय? विचारायला हंस लागतो, आणि हंस जहाजावर!

अण्णांनी मला सांगितलं, "बुवा, त्या भिंतीपुढे मला पहिल्यांदा लाज वाटली. तिच्या हातात काय आहे, तेही मला ठाऊक नव्हतं."

किती वेळ उभे होते, त्यांनाही माहीत नाही. शेवटी बोटानं दाखवत सुटले. हा द्या, हा द्या, तोही द्या! होते तितके सगळे रंग घेतले. लाल तेवढा नेमका म्हातारीकडे नव्हता!

इकडे जहाजावर सुभद्रा खोलीत आली. हे नाहीत. खाली जेवायच्या जागी गेली. नाहीत. परत खोलीत आली. खाटेवर नवं जनावर, खेकडा. "खेकड्या, कुठे गेले रे?" खेकडा काय बोलणार! आणि वर भोंगा वाजला. मग कर्ण्यातून आवाज — "मिस्टर मोरेशवार तामानकार! मिस्टर मोरेशवार!" तशीच जिना चढून डेकवर गेली, कठड्याला धरून उभी राहिली.

आणि दिसले! धक्क्यावरून अण्णा येतायत, हातात पिशवी. पळतायत का? छे! कंडक्टर धावतो का कुठे? रमतगमत! आणि जातायत कुठे? तर शेजारच्या जहाजाकडे! धक्क्यावर दोन जहाजं, दोन्ही पांढरी, दोन्ही तेवढीच उंच. अण्णा दुसऱ्याच्याच शिडीपुढे रांगेत जाऊन उभे! म्हणाले असतील, असू दे रांग मोठी, आपल्याशिवाय गाडी कुठे जाते!

आणि आपल्या जहाजाचे दोर सुटायला लागले. शिडी उचलायला माणसं वाकली.

आता सांगा! आधी कोणी बोलायचं?

सुभद्रा म्हणाली, "अहो!" पण कसं म्हणाली? चुलीपाशी म्हणतात तसं. वाऱ्यानं तिथल्या तिथे उडवलं ते. पुन्हा "अहो! अहो!" खाली धक्क्यावर कोणाला कळणार, कोण अहो? अण्णांचा एक कान तर एसटीच्या इंजिनाला वाहिलेला! शेजारी उभा असलेला खलाशी हातांनी सांगतोय, नाव घ्या, नाव घेऊन हाक मारा! नाव? तिनं नवऱ्याचं नाव जन्मात हाक मारायला घेतलं नव्हतं. तोंड उघडलं. नाव येईना! नाव तिला एकाच ठिकाणी ठाऊक होतं, लग्नातल्या उखाण्यात, अगदी शेवटी. तिथवर पोचायचं तर सुरुवात करणं आलं! आणि मंडळी, ती बाई कठड्यावर वाकली, आणि भर बंदरात, जर्मनांच्या नि कोणाकोणाच्या मध्ये, सगळा जीव गोळा करून ओरडली —

"अंगणात माड आणि माडामागे घर!
जन्माचे सोबती माझे मोरेश्वऽऽऽर!"

'राव' लावायचं राहिलं. जहाज सुटत होतं!

अण्णा वळले. कान गेलेला असो नाहीतर राहिलेला असो, तो उखाणा त्यांनी मांडवात ऐकला होता. वर बघितलं. दुसरं जहाज, कठड्यावर निळं लुगडं, हात हलतायत. आणि त्यांनी काय केलं? पिशवी उंच धरली आणि खालून ओरडले, "अगं, तुला रंग कुठला हवा होताऽऽ?"

इतक्या वर्षांनी पहिला शब्द! मध्ये मांजर नाही, टॉवेल नाही!

"आधी पळा!" ही वरून. "ही एसटी नाही! पळा!"

आणि मंडळी, मोरेश्वर ताम्हणकर, कंडक्टर, जन्मात पहिल्यांदा गाडीमागे धावले! पिशवीतली रिळं सांडतायत, धोतराचा सोगा एका हातात, वर कठड्यावर सगळं जहाज टाळ्या वाजवतंय. वाकलेली माणसं शिडी धरून थांबली. अण्णा चढले. शिडीच्या टोकाला सुभद्रा. दोघांनाही धाप. ती म्हणाली, "लाल."

"काय?"

"लाल हवा होता."

"लाल नव्हता तिच्याकडे."

मग हसली का रडली, ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते घ्यावं.

संध्याकाळी दोघं खोलीत आली. खाटेवर खेकडा. अण्णांनी त्याची घडी मोडली, नीट झटकला आणि खांद्यावर टाकून म्हणाले, "तुझी ड्युटी संपली." आणि बोलायला बसले. अहो, जेवायची वेळ टळून गेली! अण्णा म्हणाले, "तुला खरं सांगू? मी रुसलो होतो ते आठवड्यातच विसरलो."

खांबाकडून काय आवाज आला? काय अण्णा? — पंधरवडा! पंधरवडा म्हणतायत! बरं, पंधरवडा.

तर सुभद्रा म्हणाली, "मी तर दुसऱ्याच दिवशी विसरले होते. तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

"मी तू बोलशील म्हणून थांबलो."

मग अण्णा म्हणाले, "मग इतकी वर्षं रुसलं होतं कोण?"

ऐकलंत? रुसलेलं कोणीच नव्हतं, आणि रुसवा मात्र घरात जेवून-खाऊन राहत होता!

पुढच्या बंदरात वाट दाखवणारी बाई छत्री घेऊन उभी. या दोघांचा पत्ता नाही! उतरलीच नाहीत. अण्णा म्हणाले, गाव काय, पुन्हा बघू. आणि समुद्राच्या दिवसाची वाट बघायला लागले. दोघं वर डेकवर बसायची. ती विणायची, आणि हे समोर बसून दर टाक्याला विचारायचे, "आता कुठला? पोपटी? मग जांभळा?" तिनं शेवटी सांगितलं, "अहो, जरा गप्प बसा की!" — म्हणजे संसार पूर्ववत सुरू झाला!

आणि तो नवस? नवस होता, आधी त्यांनी बोलावं. आधी बोलली तर हीच. मी म्हटलं, "सुभद्रे, देवानं अट पाळली नाही, तोरण बांधायचं कशाला?" मला म्हणाली, "दादा, अट मी घातली तीच चुकीची होती. देवानं ती फेकून दिली म्हणून बांधायचं."

मंडळी, इथे आपण देवाचं नाव घेतो. टाळ लावून, मृदंग लावून, माना डोलवून. घ्यायचंच! देव ते ऐकतो, आणि आपल्यावर रुसत नाही. पण जो शेजारी बसलाय, ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याचं नाव घ्यायला आपल्याला भोंगा का लागतो? दोर सुटायला लागल्यावरच का वाचा फुटते? आधी कोणी बोलायचं, विचारलं होतं मी. ज्याला दुसरा चुकीच्या जहाजाकडे जाताना दिसतो, त्यानं! मग चूक कोणाची का असेना.

आता मी थोडा थांबतो. टाळ नको, पेटी नको. इथे बसलेल्यांत एक भाऊ त्या भिंतीशी आहे आणि दुसरा या दाराशी आहे, मला दिसतंय. एक सासू आहे, एक सून आहे, मध्ये मुद्दाम कोणीतरी बसवलंय. नावं घेत नाही. नाव तुम्ही घ्यायचं. नसेल जमत तर एवढंच आठवून बघा, ते माणूस हल्ली हातात काय घेऊन बसतं, आणि त्याचा रंग कुठला आहे. आठवत नसेल, तर आज मान वळवा आणि बघा.

तोरण सुभद्रेनं घरी आल्यावर पुरं केलं. अण्णांनी शिडी धरली आणि तिनं आपल्या हातांनी या दाराला बांधलं. त्यानंतरच्या माघात, वद्य अष्टमीला, दुपारची जेवणं झाल्यावर, सुभद्रा मोरेश्वर ताम्हणकर वारली. तेव्हा अण्णा तिच्याशी बोलत होते.